ईएलसीबी की आरसीसीबी: नावाच्या घोळामागची पार्श्वभूमी

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून बायपास करून ठेवलाय, हे वाक्य या कामात असलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं, आणि सांगणारा बहुतेक वेळा त्याला ईएलसीबीच (अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर) म्हणतो. आरसीसीबी म्हणजे करंट कुठे गळायला लागला की सप्लाय तोडणारं उपकरण, आणि पडणं म्हणजे त्याचं ट्रिप होणं. नावात काय एवढं असं वाटेल, पण या एका नावामुळे वायरिंगमध्ये इतक्या चुका झाल्यात की त्याचा इतिहास एकदा नीट सांगायला हवा.

फ्यूजचा काळ सगळ्यांना माहितीये. 1924 मध्ये जर्मनीत थर्मल आणि मॅग्नेटिक ट्रिप एकत्र असलेला छोटा ब्रेकर आला, तोच पुढे आपला एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की पडणारा छोटा ब्रेकर, झाला, पण फ्यूज काय आणि एमसीबी काय, दोन्ही वायर वाचवायला, माणूस वाचवायला नाहीत. अडचण व्हायची ती जिथे अर्थिंग फक्त जमिनीत ठोकलेल्या रॉडवर आहे तिथे. 230 व्होल्ट आणि परतीच्या सगळ्या वाटेचा रेझिस्टन्स 20 ओहम धरा, म्हणजे फेज बॉडीला लागला तरी साडेअकरा अँपिअरच वाहणार. 16 अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताच लागत नाही, मशीन आरामात चालू राहतं आणि बॉडीला हात लावणाऱ्याला शॉक बसतो.

यावर उपाय म्हणून जे उपकरण आलं ते खरं ईएलसीबी, व्होल्टेजवर चालणारं. त्याला दोन जादा टर्मिनल असायची, एफ आणि ई. एफला उपकरणांच्या बॉडीची अर्थ वायर, ईला रॉडकडे जाणारी वायर, आणि मधे एक बारीक कॉइल. बॉडीवर साधारण 50 व्होल्टच्या आसपास व्होल्टेज चढलं की कॉइल ओढली जाऊन सप्लाय बंद. रॉड फार चांगला नसला तरी चालायचं, कारण कॉइलला करंट अगदी थोडा लागतो. त्या काळाच्या मानाने ही कल्पना खरंच हुशारीची होती, हे मान्य करायलाच हवं.

पण भोकंही तशीच मोठी. गीझरची बॉडी लोखंडी पाइपातून आधीच जमिनीला लागलेली असेल तर लीकेज करंट त्या वाटेने निघून जातो, कॉइल कोरडीच. माणसाने उघड्या फेजला थेट हात लावला तर करंट त्याच्या अंगातून जमिनीत जातो, कॉइलचा संबंधच येत नाही. अर्थची वायर तुटली तर सगळं संरक्षण गेलं, आणि कुणाला कळतही नाही. असा एक जुना डबा मी स्वतः उघडलाय, आत एफ आणि ईच्या दोन्ही वायरी एकाच स्क्रूखाली घट्ट पिळून बसवलेल्या, म्हणजे कॉइल शॉर्ट. वरचा लिव्हर छान वर, दिसायला एकदम ओके, आणि कितीतरी वर्षं तो डबा काहीच करत नव्हता.

करंटवर चालणाऱ्या उपकरणाने विचारच उलटा केला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एका कोअरमधून, म्हणजे चुंबकीय कड्यातून, न्यायचे, गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा असला तर ठीक, फरक पडला तर ट्रिप. 1950 च्या दशकाच्या मध्याला दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी आधी 250 मिलिअँपिअरचं उपकरण झालं आणि मग घरगुती वापरासाठी 20 च्या आसपासचं. 1961 मध्ये अमेरिकेत वेगळ्या वाटेने तेच झालं. तिथे 5 मिलिअँपिअर धरले, कारण पकडलेली वायर हाताला सोडता यायला हवी, आणि बाकी बऱ्याच जगाने 30 धरले, हृदय बंद पडू नये या हिशोबाने. माझं मत 30 च्या बाजूने आहे, कारण अख्ख्या घराला 5 लावले तर ते दिवसभर पडत राहील आणि शेवटी कुणीतरी बायपासच करेल.

आता मुख्य घोळ. नवीन उपकरण आलं पण नाव जुनंच चिकटलं, कॅटलॉगमध्येही कितीतरी वर्षं दोन्हीला ईएलसीबीच म्हणायचे. नावातच अर्थ (अर्थिंगमधला) आहे म्हटल्यावर याला अर्थची वायर जोडायची असते अशी समजूत झाली. आरसीसीबीला अर्थचं टर्मिनलच नाही, ते बघून काही जण आरसीसीबीच्या पुढच्या, लोडकडच्या न्यूट्रललाच अर्थ वायर जोडून टाकतात. मग लोडचा थोडा करंट अर्थमधून परत जातो आणि लोड वाढला की ट्रिप. त्याहून वाईट म्हणजे खरा लीकेज झाला तर त्यातला काही भाग न्यूट्रलने कोअरमधूनच परत येतो, उपकरणाला फरक कमी दिसतो आणि पडायला हवं तेव्हा ते पडत नाही.

एका ठिकाणी तीन आरसीसीबी बदलून झाले होते, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचा मीटर) चांगला दाखवत होता, तरी दिवे लावले की ट्रिप. डीबी (ब्रेकर बसवलेला डिस्ट्रिब्युशन बॉक्स) उघडून एकेक न्यूट्रल हाताने ओढत गेलो तर दिव्यांच्या सर्किटचा फेज एका आरसीसीबीवर आणि न्यूट्रल दुसऱ्याच्या लिंकवर, म्हणजे न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर, निघाला. एक वायर हलवली, काम झालं. आधीचे तिन्ही चांगलेच होते.

टेस्ट बटणाचंही तसंच. ते दाबल्यावर पडलं म्हणजे अर्थिंग चांगलं असं कित्येक जण समजतात, पण ते बटण आतल्या रेझिस्टरमधून फेजचा थोडा करंट कोअरच्या बाहेरून न्यूट्रलला वळवतं, अर्थ वायरचा त्यात कुठेच संबंध नाही. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटही आरसीसीबीला कळत नाही, त्याला एमसीबी वेगळा लागतो किंवा दोन्ही एकत्र असलेला आरसीबीओ.

पुढे लोडच बदलला. कॉम्प्युटर, एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर एसी, प्रत्येकात फिल्टर आणि प्रत्येकाचा थोडा थोडा लीकेज. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 च्या वर कुठेही पडू शकतो, स्टँडर्डच तसं आहे, त्यामुळे वीस मशीन एकावर टाकली की विनाकारण पडल्यासारखं वाटतं. सर्किटं वाटून दोन-तीन आरसीसीबी लावले की बहुतेक ठिकाणी हा त्रास संपतो.

आणि आता डीसी. आरसीसीबीचे टाइप असतात: एसी टाइपला फक्त साधा एसी लीकेज कळतो, ए टाइपला तुटक डीसीही कळतो, पण सलग डीसी 6 मिलिअँपिअरच्या वर गेला तर ए टाइपचा कोअरही सॅच्युरेट होऊ शकतो आणि मग त्याला एसी लीकेजही नीट दिसत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरला बी टाइप, किंवा ए टाइपसोबत 6 मिलिअँपिअर डीसी ओळखणारी सोय, मागतात ती त्यामुळेच. चार्जर लावायच्या आधी डीबीतल्या आरसीसीबीवरचं चिन्ह बघा, चौकोनात नुसती एसीची लाट असेल तर तो एसी टाइप आहे, आणि त्याच्यावर चार्जर टाकू नका.