कार्बन नॅनोद्रव्यांवर बहुवारिकांचे कलम

कार्बन नॅनोनलिका (कार्बन अणूंच्या जाळीची गुंडाळी), ग्राफीन (तीच जाळी एका अणूच्या जाडीच्या पत्र्यासारखी), फुलरीन (तिचा पोकळ चेंडू) अशा अतिसूक्ष्म कार्बनरूपांच्या अंगावर बहुवारिकाच्या, म्हणजे पॉलिमरच्या, साखळ्या बसवण्याची रासायनिक प्रक्रिया. त्यामुळे ही द्रव्ये द्रावकात किंवा राळेत सुटी राहतात, आपसांत ठरावीक रचनेत जुळतात आणि संमिश्रात, म्हणजे दोन-तीन द्रव्ये एकत्र करून बनवलेल्या पदार्थात, भार पेलू लागतात.

नलिकेचा व्यास एखाद-दुसरा नॅनोमीटर, लांबी मात्र त्याच्या हजारोपट. शेजारच्या दोन नलिका व्हॅन डर वाल्स आकर्षणाने, म्हणजे रेणूंमधल्या दुबळ्या ओढीने, अंगभर चिकटतात आणि त्यांच्या जुड्या होतात. एका नलिकेचा ताठरपणा १ टेरापास्कलच्या घरात, पोलादाच्या सुमारे पाचपट. पण जुडीतल्या नलिका एकमेकींवरून घसरतात आणि तो ताठरपणा कागदावरच राहतो. फुलरीन १९८५ मध्ये सापडले, जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांचा नलिकांवरचा निबंध १९९१ चा, ग्राफीन सुटे झाले २००४ मध्ये. फुलरीन निदान टोल्युइनमध्ये विरघळते. बाकीची दोन तेवढीही दाद देत नाहीत.

या अडचणीवरचा तोडगा जुन्या पोथ्यांच्या शाईत आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेसारख्या संग्रहांतल्या पोथ्या पाहताना अक्षरांचा काळेपणा अजून ताजा वाटतो. शाईची परंपरागत कृती म्हणजे काजळ आणि डिंक. दिव्यावर पणती उपडी धरून जमवलेली काजळी पाण्यावर टाकली तर ती नुसती तरंगते, बोटाने दाबली तरी भिजत नाही. तीच बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलात घोटत राहिले की हळूहळू पाण्यात मिसळते आणि खाली बसायचे विसरते. डिंक हे शर्करांचे फांद्याफांद्यांचे बहुवारिक. ते कणाला बिलगते आणि त्याच्या पाणीप्रेमी फांद्या दोन कणांना जवळ येऊ देत नाहीत. येथे रासायनिक बंध नाही, नुसते पांघरूण आहे. काजळी म्हणजे नॅनोनलिका नव्हे, ही गल्लत करू नये; पण २००२ मध्ये बाभळीच्याच गणगोतातल्या अरबी डिंकाने खऱ्या नलिकाही पाण्यात सुट्या करून दाखवण्यात आल्या. पांघरुणाचा फायदा असा की कार्बनची जाळी अखंड राहते, वीजवहन बिघडत नाही. तोटा हा की ते सुटूही शकते.

पक्का मार्ग सहसंयुजी बंधाचा, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन केलेल्या जोडणीचा. त्याला रसायनशास्त्रातही कलमच म्हणतात, आणि तासगावच्या द्राक्षबागायतदाराला ते वेगळे समजावावे लागणार नाही. तो डॉगरिज या द्राक्षजातीचा खुंट लावतो आणि त्यावर हव्या त्या वाणाची काडी बांधतो. प्रयोगशाळेत आधी खुंट तयार करावा लागतो: सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात नलिका तापवल्या की टोकांवर व दोषांच्या जागी कार्बॉक्सिल गट, म्हणजे साखळी जोडता येईल असे आम्लधर्मी अणुगट, येतात. मग दोन वाटा. तयार साखळी आणून जोडली तर तिची लांबी आधीच मोजलेली असते, पण पहिल्या साखळ्या जागा अडवतात आणि मागाहून येणाऱ्यांना शिरकाव मिळत नाही. पीक विरळ येते. दुसऱ्या वाटेत खुंटावर फक्त डोळा, म्हणजे प्रारंभक रेणू, बसवतात आणि एकवारिकांची, म्हणजे बहुवारिकाच्या सुट्या कड्यांची, साखळी तिथूनच वाढवतात. १९९५ पासून हाती आलेल्या नियंत्रित बहुवारिकीकरणामुळे ही वाढ हिशेबात ठेवता येते. साखळ्या दाट येतात. प्रत्येक बंधाला मात्र जाळीत एक खोट पडते, म्हणून हात राखूनच कलम करावे लागते.

कण आपले आपण रचनेत जुळतात त्या स्वयंजुळणीत साखळीचा स्वभाव कामी येतो. पॉलिस्टायरीन ल्यालेला कण दोन तऱ्हेच्या साखळ्यांच्या मिश्र बहुवारिकातल्या पॉलिस्टायरीनच्याच थरात जाऊन बसतो. पॉली-एन-आयसोप्रोपिल-अ‍ॅक्रिलअमाइडच्या साखळ्या पाण्यात सुमारे ३२ अंश सेल्सियसच्या वर आखडतात आणि नलिका गोळा होतात. गार केले की पुन्हा सुटतात.

संमिश्रांचे उदाहरण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उभे आहे. पवनचक्क्यांची पाती साधारणपणे काचतंतू आणि राळेची असतात; तंतूंच्या थरांमध्ये राळच तेवढी असल्याने चीर तिथून धावते. अमाइन गट (नायट्रोजनयुक्त अणुगट) बसवलेल्या नलिका एपॉक्सी राळेशी रासायनिकरीत्या जोडल्या जातात आणि अशी चीर अडवण्यासाठी त्यांचा अभ्यास होतो. अंश थोडा पुरतो: नीट पसरलेल्या नलिकांचे जाळे १ टक्क्याहून कमी वजनातही वीज वाहू देते.

कलम किती लागले हे तराजूवर कळते. नमुना नायट्रोजनमध्ये तापवत नेला की बहुतेक बहुवारिके ५०० अंशांच्या आत तुटून उडून जातात, कार्बन मागे राहतो. घटलेले वजन ते बहुवारिकाचे. जाळीला किती खोटी पडल्या ते रामन वर्णपटातल्या (नमुन्यावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या आलेखातल्या) १३५० सेंमी⁻¹ जवळच्या शिखराच्या उंचीवरून ताडतात.