इन्कमटॅक्स जाऊ दे, पण मग पावती कुणाच्या नावानं फाडायची?

जुलै आला की कोल्हापुरात दोन गोष्टी ठरलेल्या, पंचगंगेचं पाणी चढायला लागतं आणि रिटर्नची तारीख जवळ आली म्हणून सीएच्या ऑफिसात गर्दी होते. त्या गर्दीत कुणीतरी म्हणतंच, हा इन्कमटॅक्स बंदच करून टाका राव, सगळा टॅक्स वस्तूंवर लावा, जो खर्च करेल तो भरेल, रिटर्न नको की नोटीस नको, विषय कट. ऐकणारे सगळे माना डोलावतात. मला पण ही आयडिया बरीच वर्षं पटत आलीय, निदान अर्धी तरी, आणि त्या अर्ध्याचाच हिशोब आज मांडून बघायचाय.

अमेरिकेत ही चर्चा नुसती चहाच्या टपरीवरची नाही. तिथं १९९९ पासून फेअरटॅक्स नावाचं बिल त्यांच्या संसदेत पुन्हा पुन्हा मांडलं जातंय. इन्कमटॅक्स, कंपन्यांवरचा टॅक्स, पगारातून कापला जाणारा सोशल सिक्युरिटीचा टॅक्स, वारसा टॅक्स, सगळं रद्द करायचं, टॅक्स खातंच बंद करायचं आणि त्याबदली देशभर एकच विक्रीकर लावायचा, दर २३ टक्के. ऐकायला झकास. पण या २३ मध्येच पहिली मेख आहे. आपण गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, जाऊन चांदीचं काही घेतलं तर दुकानदार आधी मालाची किंमत लावतो आणि मग त्याच्यावर ३ टक्के जीएसटी लावतो, म्हणजे टॅक्स मालाच्या वर. फेअरटॅक्सवाले टॅक्स मोजतात तो टॅक्स धरून झालेल्या एकूण रकमेत. १०० रुपयांच्या वस्तूवर ३० रुपये टॅक्स लावला की बिल झालं १३०, आणि १३० मधले ३० म्हणजे २३ टक्के. गुजरीच्या भाषेत तो दर ३० टक्के आहे. खोटं काही नाही त्यात, इन्कमटॅक्स पण एकूण कमाईतूनच मोजतात, तुलना सोपी जावी म्हणून असं केलंय असं त्यांचं म्हणणं. पण २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या पॅनेलनं हिशोब घातला तर गुजरीच्या पद्धतीनं दर ३४ टक्के लागेल असं निघालं, ते पण यातला फक्त इन्कमटॅक्सच काढून टाकायचा आणि टॅक्सचोरी फारशी होणार नाही असं धरून.

आता बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा नीट ऐकूया, कारण तो फालतू नाही. तुम्ही पगारावर टॅक्स भरला, उरलेल्यातले पैसे एफडीत ठेवले, तर त्या व्याजावर परत टॅक्स. शेजाऱ्यानं तेवढाच पगार घेतला आणि सगळा उडवला, त्याला तो दुसरा टॅक्स नाही. म्हणजे काटकसर करणाऱ्याला दंड आणि उडवणाऱ्याला सूट. माणूस समाजाच्या साठ्यात काय घालतो त्यावर टॅक्स लावण्यापेक्षा तो त्यातून काय काढून घेतो त्यावर लावा, असा हा विचार, आणि तो खूप जुना आहे. निकोलस काल्डोर नावाचा केंब्रिजचा अर्थशास्त्रज्ञ हाच विचार घेऊन १९५६ मध्ये भारतात आला होता आणि आपल्या सरकारनं १९५७ मध्ये त्याचं ऐकून खर्चावर टॅक्स लावणारा कायदा केला सुद्धा! दुकानात नाही हं, माणसानं वर्षभरात एकूण किती खर्च केला त्याचा रिटर्न भरायचा, आणि तो पण फक्त बड्या लोकांनी. टॅक्स आला अगदीच किरकोळ आणि हिशोब तपासायचा व्याप मात्र मोठा. १९६२ मध्ये गुंडाळला, १९६४ मध्ये परत आणला, १९६६ मध्ये कायमचा गेला. म्हणजे हा प्रयोग आपण एकदा करून बसलोय, फक्त कुणाच्या लक्षात नाही.

काल्डोरचा टॅक्स निदान श्रीमंतांवर होता. दुकानात लावलेला टॅक्स माणूस बघत नाही, तिथं घोडं अडतं. दोन घरं धरा. एका घरात महिन्याला २० हजार येतात आणि वीसच्या वीस संपतात. दुसऱ्या घरात २ लाख येतात, त्यातले ८० हजार खर्च होतात, बाकी प्लॉट, शेअर, सोनं. बिलात २३ टक्के टॅक्स असेल तर पहिल्या घरातून जातात ४,६००, दुसऱ्यातून १८,४००. रक्कम दुसऱ्याची मोठी दिसते पण कमाईच्या मानानं पहिला २३ टक्के भरतोय आणि दुसरा ९.२ टक्के. यावर उत्तर येतं की वाचवलेला पैसा कधीतरी खर्च होणारच, तेव्हा भरेल की टॅक्स. होईल खर्च, पण कधी आणि कुणाच्या हातून? नातवाच्या लग्नात? बरेच पैसे आयुष्यभर खर्चच होत नाहीत, नुसते एका सातबाऱ्यावरून दुसऱ्या सातबाऱ्यावर जातात.

फेअरटॅक्सवाल्यांना हे कळतं, म्हणून त्यांनी एक तोड काढलीय. गरिबी रेषेएवढ्या खर्चावर जो टॅक्स लागेल तेवढे पैसे सरकार दर महिन्याला आधीच प्रत्येक घराला देणार, श्रीमंत असो की गरीब. लाडकी बहीणचे १,५०० खात्यात पडतात तसंच, पण सगळ्यांना. आपल्याकडं हे करायचं तर माणशी महिना फक्त ५०० रुपये धरले (२०२३-२४ च्या सरकारी पाहणीत खेड्यातला माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला होता, त्यामुळं ५०० म्हणजे काही फार नाहीत) तरी १४० कोटी लोकांचे वर्षाला ८.४ लाख कोटी होतात. आता बाकीचे आकडे घ्या. २०२४-२५ मध्ये केंद्र-राज्य मिळून एकूण जीएसटी गोळा झाला २२.०८ लाख कोटी. २०२५-२६ च्या बजेटमध्ये व्यक्तींच्या इन्कमटॅक्समधून धरलेत १४.३८ लाख कोटी. तो सोडायचा म्हणजे जीएसटीतून तेवढे जादा काढायला लागणार, वर वाटायचे ८.४ लाख कोटी. बेरीज होते जवळपास ४५ लाख कोटी, म्हणजे आताच्या जीएसटीच्या दुपटीवर. आणि कंपन्यांच्या टॅक्सला अजून हात पण लावलेला नाही. ढोबळ हिशोब आहे, वर्षं पण मागंपुढं आहेत, पण अंदाज यायला पुरेसा. १८ टक्क्यांच्या जागी ३६ टक्के लावायची तयारी ठेवा, नाहीतर आज जे जीएसटीच्या बाहेर आहे त्यावर टॅक्स लावा, म्हणजे दवाखाना, शाळेची फी, घरभाडं, सुटं धान्य.

तरी पण समजा ३६ टक्के लावले. मग पुढं काय होतं ते लक्ष्मीपुरीतल्या कुठल्याही काउंटरवर उभं राहून कळतं. "पक्कं बिल पाहिजे का?" हा प्रश्न आज १८ टक्क्यांसाठी विचारला जातो, ३६ झाले तर विचारायची पण गरज राहणार नाही, दोघं नुसते एकमेकांकडं बघून हसतील.

जीएसटी आणि साधा विक्रीकर यातला खरा फरक इथं आहे, आणि मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. शिरोली एमआयडीसीतली एखादी फाउंड्री घ्या. ती स्क्रॅप आणि पिग आयर्न घेते त्यावर टॅक्स देते, कास्टिंग ओतून पुण्याच्या गाडीच्या कंपनीला विकते तेव्हा टॅक्स लावते, आणि सरकारला भरते फक्त मधला फरक, कारण आधी दिलेल्याचं क्रेडिट मिळतं. ते क्रेडिट पाहिजे म्हणून कंपनी फाउंड्रीकडं पक्कं बिल मागते, फाउंड्री स्क्रॅपवाल्याकडं मागते, आणि त्यानं त्याचा टॅक्स भरला नाही तर फाउंड्रीचा मालक स्वतः त्याला फोन करून शिव्या घालतो. इन्स्पेक्टर न पाठवता सरकारचं काम होतं! फ्रान्समध्ये मॉरिस लोरे नावाच्या अधिकाऱ्यानं हे डोकं लढवलं, १९५४ मध्ये तिथं सुरू झालं आणि आज अमेरिका सोडली तर जवळपास सगळ्या मोठ्या देशांत आहे. पण ही साखळी शेवटच्या कडीला तुटते, कारण शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे आपण, आणि आपल्याला कसलं क्रेडिट? दीना पोमेरांझ या संशोधिकेनं चिलीच्या टॅक्स खात्याबरोबर हे तपासलंय. एक लाखावर फर्मना 'तुमच्यावर लक्ष आहे' अशा अर्थाची पत्रं पाठवली, तर ज्या विक्रीत समोर दुसरी फर्म होती तिथं फार फरक पडला नाही, तिथं बिलं आधीपासूनच बरी होती, वाढ झाली ती साध्या गिऱ्हाइकाला केलेल्या विक्रीत. म्हणजे लपवालपवी कुठं होती ते कळलं. आणि फेअरटॅक्ससारख्या विक्रीकरात मधली साखळीच नाही, सगळाच्या सगळा टॅक्स त्या शेवटच्या, सगळ्यात कच्च्या कडीवर.

आता एक गोष्ट जी आपल्या डोळ्यासमोर असून कुणी बोलत नाही. इन्कमटॅक्स शून्य आणि फक्त वस्तूंवर टॅक्स, या जगात राहणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात लाखांनी आहेत. ऊस लावणारा शेतकरी! शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा इन्कमटॅक्स नाही, तो विषय घटनेनं राज्याकडं दिलाय. खतावर मात्र ५ टक्के जीएसटी आहे, सिमेंटवर, मोबाईलवर, बुलेटवर १८ आहे. एकरी ४० टन आणि टनाला ३ हजार धरले, खर्च निम्मा वजा केला, तर एक एकरवाल्याच्या हातात वर्षाला ६० हजार राहतात आणि ४० एकरवाल्याच्या हातात २४ लाख. दोघांना इन्कमटॅक्स सारखाच, शून्य. तेवढेच २४ लाख पगार घेणारा इंजिनिअर नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी २ लाख ९२ हजार ५०० भरतो. एक एकरवाला ६० हजार किराणा, औषधं, पोरांचे कपडे यातच घालवतो, त्यामुळं त्याच्या कमाईत जीएसटीचा वाटा मोठा, ४० एकरवाल्याच्यात छोटा. वर आणखी एक गंमत, ऊस विक्रीवर जीएसटी नसल्यामुळं खतावर दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट त्याला कुठंच मिळत नाही, ते त्याच्याच गळ्यात. (गुळाचं तर वेगळंच. २०२२ च्या जुलैपासून लेबल लावलेल्या एक किलोच्या पॅकवर ५ टक्के आणि ३० किलोच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, काही नाही. गूळ तोच, तो शिजवायची काहील तीच.) शेतकऱ्यावर टॅक्स लावा असं मी म्हणत नाहीये, दराचं आंदोलन दरवर्षी का होतं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. पण विक्रीकर आला की बरोबरी येईल असं म्हणणाऱ्यांनी हे एक एकर आणि ४० एकर शेजारी ठेवून बघावेत.

दुसरा मुद्दा दिसण्याचा. राज चेट्टी या अर्थशास्त्रज्ञानं आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या एका सुपरमार्केटमध्ये प्रयोग केला. तिथं फळीवरची किंमत टॅक्स सोडून असते, टॅक्स काउंटरवर लागतो, सगळ्यांना ते माहीत असतं. यांनी काही वस्तूंवर टॅक्स धरून किंमत लिहिलेली चिठ्ठी नुसती लावली, तर त्या वस्तूंची विक्री ८ टक्क्यांच्या आसपास घसरली. टॅक्स तोच, बिल तेच, फक्त आधी दिसला. आपल्याकडं उलट आहे, एमआरपीत सगळं मुरलेलं. कोल्हापूरकरांना तर हे सांगायला नको. नाक्यावर गाडी अडवून हातात पावती दिली तेव्हा एन. डी. पाटील सरांच्या मागं अख्खं शहर रस्त्यावर उतरलं आणि २०१५ च्या डिसेंबरात सरकारला टोल रद्द करायला लागला. साबणाच्या वडीतल्या टॅक्सवर असा मोर्चा कधी निघालाय? सरकारं बदलतात, पण न दिसणारा टॅक्स सगळ्याच सरकारांना आवडतो, आणि माझा या आयडियावरचा सगळ्यात मोठा संशय हाच आहे.

दुबईचं उदाहरण लगेच येतं, घरटी एखादा तिकडं असतोच. तिथं पगारावर टॅक्स नाही आणि २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे, बरोबर. पण देशाच्या जमिनीखाली तेल आहे. फ्लोरिडा राज्यात पण पगारावर राज्याचा टॅक्स नाही, ६ टक्के सेल्सटॅक्सचा मोठा भार पर्यटक उचलतात, आणि केंद्राचा इन्कमटॅक्स तिथल्या लोकांना आहेच की. इन्कमटॅक्स पूर्ण काढून नुसत्या विक्रीकरावर चालणारा आपल्यासारखा मोठा देश दाखवा म्हटलं की चर्चा थांबते.

मग जे अर्धं मला पटतं त्याचं काय? बचतीवर दुहेरी टॅक्स नको हे पटतं, आणि त्याला इलाज इन्कमटॅक्सच्या आतच आहे, पीपीएफमध्ये टाकलेल्या पैशाच्या व्याजावर टॅक्स नाहीच आज. रिटर्नचा ताप कमी व्हावा हे पटतं, १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही झाल्यावर बऱ्याच जणांचा टॅक्स तरी सुटलाय, रिटर्न मात्र त्यातल्या बऱ्याच जणांना अजून भरायला लागतोच. पण समजा उद्या १ एप्रिलला खरोखर अदलाबदल झाली, तर पहिला मार कुणाला? जो काल रिटायर झाला त्याला. त्यानं तीस-पस्तीस वर्षं पगारावर इन्कमटॅक्स भरून जे साठवलं, ते आता तो खर्च करायला काढणार, आणि त्यावर ३६ टक्के. एकाच पैशावर दोनदा, आणि तेही ज्यांनी आयुष्यभर काटकसर केली त्यांच्याकडूनच. काटकसर करणाऱ्याला दंड नको म्हणून सगळं सुरू झालं होतं, आणि या माणसाला त्याचा दुसरा टॅक्स कसा परत करायचा यावर फेअरटॅक्सच्या बिलात तरी महिन्याला सगळ्यांना मिळणाऱ्या त्या पैशांपलीकडं काही नाही.