पक्षी वाढले नव्हते, गोंगाट थांबला होता

२०२० च्या एप्रिलमध्ये जो तो म्हणत होता, ‘यंदा पक्षी किती वाढलेत!’ आमच्या गल्लीतला कोकीळ तर उजाडायच्या आत सुरू व्हायचा. पण महिन्याभराच्या लॉकडाऊनमध्ये पक्षी दुप्पट होत नाहीत. वाढलं होतं ते त्यांचं ऐकू येणं.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला हे चक्क मोजून झालं. तिथल्या झुडपांत डोक्यावर काळे-पांढरे पट्टे असलेली एक चिमणी राहते (नावालाच चिमणी, आपल्या घरचिमणीची ही सख्खी नव्हे). संशोधक एलिझाबेथ डेरीबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे तिथल्या नरांच्या गाण्याची लॉकडाऊनआधीची रेकॉर्डिंग होती. वाहनांची घरघर खालच्या पट्टीतली, त्यामुळे गाण्यातले खालचे सूर तिच्यात बुडून जातात. म्हणून शहरातले नर मोठ्यानं गायचे आणि खालचे सूर गाळायचे. वरातीत डीजेशेजारी उभं राहून कुणाशी बोलून बघा: आवाज आपोआप चढतो, सांगायचं मात्र अर्धंच सांगून होतं. नराला हे परवडत नाही. प्रतिस्पर्ध्यावर वचक बसतो तो खालपासून वरपर्यंत फिरणाऱ्या गाण्याचा.

लॉकडाऊनमध्ये गोल्डन गेट पुलावरची वाहतूक १९५० च्या दशकाइतकी विरळ झाली. नरांनी आवाज हळू केला, सोडलेले सूर पुन्हा घेतले. आणि गंमत म्हणजे, हळू गाऊनही गाणं आधीच्या दुप्पट अंतरावर पोचू लागलं.

जमिनीलाही हे जाणवलं. भूकंपमापक यंत्रं ट्रक, रेल्वे, कारखाने यांची बारीक थरथरही टिपतात. जगभरातल्या २६८ केंद्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १८५ ठिकाणी ही थरथर उतरलेली दिसली. काही ठिकाणी निम्म्यापर्यंत.

गोंगाटाचं बरं असतं, बंद केला की संपला. धूळही काही दिवसांत खाली बसते, म्हणून तर लॉकडाऊनमध्ये पंजाबातल्या जालंधरच्या गच्च्यांवरून हिमालयाच्या धौलाधार रांगेची बर्फाळ शिखरं दिसली. कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतकं हटत नाही. त्या एप्रिलमध्ये जगाचं रोजचं उत्सर्जन आदल्या वर्षापेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी घटलं होतं. तरी मे महिन्यात हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत या वायूची सरासरी पातळी ४१७ पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांत ४१७) भरली, तोवरची सर्वांत जास्त.

अशी शांतता एकदा समुद्रातही पसरली होती, तीही कुणी न ठरवता. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर जहाजांची ये-जा कमी झाली आणि कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्याखालचा गोंगाट ६ डेसिबलनं उतरला. शास्त्रज्ञ तेव्हा तिथे ‘राइट’ जातीच्या देवमाशांची तरंगती विष्ठा गोळा करत होते. (संशोधन म्हणजे दरवेळी पांढरा कोट नव्हे!) त्यातली ताणाची संप्रेरकं त्या दिवसांत कमी झालेली आढळली. पुढची काही वर्षं त्याच हंगामात पुन्हा तपासलं. जहाजं परतली होती. तशी घट पुन्हा दिसली नाही.