भजनाच्या मंचावर प्लगइन: उशीर कुठे चालतो, कुठे नडतो

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गणेशोत्सवात आणि जत्रांत डिजिटल मिक्सर आता नवा राहिलेला नाही. यूएसबीने लॅपटॉप जोडला की त्यावर प्लगइन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारी छोटी सॉफ्टवेअरही चालतात. पण लॅपटॉपमधून फिरून येणारा आवाज उशिरा येतो, आणि प्लगइन कुठे लावायचा हे त्या उशिरावर ठरतं.

मिक्सर ४८ किलोहर्ट्झवर असेल, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेत असेल, तर ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तेवढे सॅम्पल) १२८ ठेवला तर जाताना २.७ आणि येताना २.७, म्हणजे किमान ५.३ मिलिसेकंद, ड्रायव्हरची (लॅपटॉप आणि मिक्सर जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची) भर वेगळी. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे १.८ मीटर जातो. श्रोत्यांना हा उशीर कळतही नाही. बिघडतं ते थेट आवाज आणि उशिराचा आवाज एकत्र मिसळल्यावर. चॅनेल मुख्य स्पीकरला जातोच आहे आणि प्लगइनमधून परत आलेला आवाजही दुसऱ्या फेडरवर (पातळीच्या सरकपट्टीवर) घेतला, तर ९४, २८१, ४६९ हर्ट्झ अशा ठिकाणी दोन्ही एकमेकांना खोडतात. पखवाजाचा भरीवपणा जातो, गळा पोकळ वाटतो, आणि इक्वलायझर कितीही फिरवला तरी ते भरून येत नाही. म्हणून कॉम्प्रेसर (आवाजातले चढ-उतार आवरणारा) किंवा इक्वलायझरचा प्लगइन इन्सर्टमध्येच, आवाजाच्या वाटेतच, लावावा, म्हणजे सगळा आवाज त्यातूनच जातो.

तोही एकेका चॅनेलवर न लावता गायकांच्या ग्रुपवर, म्हणजे त्यांचे चॅनेल एकत्र येतात तिथे, लावलेला बरा. मग मंचावरच्या मॉनिटरला चॅनेलमधून थेट आवाज मिळतो. इन-इअर (कानातला मॉनिटर) लावलेल्या गायकासाठी हे फार महत्त्वाचं: स्वतःचा गळा हाडांतून आधीच ऐकू येतो, त्यात उशिराची भर पडली की सूर धरणं अवघड जातं.

रिव्हर्बला मात्र उशीर नडत नाही. तो सेंडवर, म्हणजे आवाजाची प्रत वेगळ्या वाटेने पाठवून, घ्यावा आणि प्लगइनमध्ये मूळ आवाज शून्य, फक्त घुमारा ठेवावा. सुरुवात इथूनच करावी.

लॅपटॉपवर ४८ किलोहर्ट्झच निवडा. वाय-फाय, स्लीप आणि यूएसबीची वीजबचत बंद करा. बफर १२८ असताना लॅपटॉपचा प्रत्येक हिशेब २.७ मिलिसेकंदांत संपावा लागतो; एकदा चुकला तरी कडकड येते. प्रोग्राममधला प्रोसेसरच्या भाराचा मीटर निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका.

वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत मिक्सर बंद पडतो, यूएसबी तुटते. लॅपटॉप बॅटरीवर चालू असला तरी प्रोग्राममध्ये मिक्सर अनेकदा पुन्हा निवडावा लागतो, तोवर तो ग्रुप मुका. म्हणून मिक्सरला यूपीएस द्या, इन्सर्ट बंद करायचं बटण हाताशी ठेवा आणि साउंडचेकमध्ये मुद्दाम केबल उपसून ते दाबून पाहा.