अतिजोखमीच्या गर्भारपणाचे विशेषज्ञ प्रशिक्षण

आईचा आजार, गर्भातील दोष किंवा वारेतील बिघाड यांमुळे आई अथवा बाळाच्या जिवाला नेहमीपेक्षा जास्त धोका असतो, अशा गर्भारपणाची देखभाल करणारी प्रसूतिशास्त्राची उपशाखा म्हणजे माता-गर्भवैद्यक. भारतात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील एमडी, एमएस किंवा डीएनबी झाल्यावर राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची एफएनबी फेलोशिप करता येते. अमेरिकेत चार वर्षांच्या रेसिडेन्सीनंतर (रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षण) आणखी तीन वर्षे लागतात आणि त्यांतला काही काळ संशोधनासाठी राखलेला असतो.

शिकण्याचा बराचसा वेळ सोनोग्राफीच्या टेबलाशी जातो. बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी 45 ते 84 मिमी असतानाच मानेमागच्या द्रवाची जाडी, म्हणजे एनटी, मोजता येते. जुळ्यांची वार एक की स्वतंत्र, हेही याच सुमारास ठरवायचे. मधला पडदा वारेला मिळतो तिथे जाड पाचर दिसली तर दोघांची वार स्वतंत्र (एकमेकींना चिकटलेली असली तरी). पातळ पडदा काटकोनात टेकला तर वार सामाईक. 14 आठवड्यांनंतर ही खूण पुसट होत जाते, म्हणून इथे झालेली हयगय पुढे भरून काढणे फार अवघड. सामाईक वारेच्या जुळ्यांना 16 आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी तपासावे लागते, कारण एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वळू लागले तर वारेतील जोडरक्तवाहिन्या लेझरने बंद करण्याची वेळ मर्यादित असते.

आरएच विसंगतीत (आई आरएच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह) गर्भाचा पंडुरोग सुई न टोचता ओळखता येतो. गर्भाच्या मेंदूतील मधल्या धमनीत रक्ताचा कमाल वेग त्या आठवड्याच्या मध्यमूल्याच्या 1.5 पटीहून जास्त असेल, तर मध्यम ते तीव्र पंडुरोगाचा संशय घ्यायचा. धमनी उगमाजवळ मोजावी, ध्वनिकिरण शक्यतो तिच्या रेषेत असावा आणि बाळ शांत असावे. कोन वाढला की वेग कमी दिसतो आणि आजारी बाळ निरोगी ठरते. नवशिक्यांची ही चूक सर्वांत घातक. उपचार म्हणजे गर्भाला रक्त देणे. विल्यम लायली यांनी 1963 मध्ये ऑकलंडला ते प्रथम गर्भाच्या पोटात दिले. आज सोनोग्राफीच्या नजरेखाली बहुधा नाळ वारेला जोडलेली असते तिथल्या शिरेत देतात. रक्त ओ निगेटिव्ह, दाट आणि किरणोत्सर्ग दिलेले लागते. नाळेची धमनी टोचली गेली तर ती आकसून बाळाचे ठोके मंदावतात.

गर्भजल तपासणीसाठी 15 आठवडे पूर्ण व्हावे लागतात. 15 ते 20 मिलि पाणी काढतात. पहिले एक-दोन मिलि टाकून देतात, नाहीतर आईच्या पेशी मिसळून निकाल चुकतो. आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन विसरून चालत नाही.

आईच्या बाजूचे शिक्षण वॉर्डात आणि अतिदक्षता कक्षात होते. गर्भारपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांवर मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट): शिरेतून हळू 4 ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, पुढे दर चार तासांनी आलटूनपालटून 5 ग्रॅम. 50 टक्के द्रावण शिरेत तसेच सोडायचे नाही, आधी पातळ करायचे. प्रत्येक डोसापूर्वी गुडघ्याची प्रतिक्रिया, श्वास आणि चार तासांत किमान 100 मिलि लघवी पाहायची. मूत्रपिंड मंद पडले की औषध साठते. आधी गुडघ्याची प्रतिक्रिया जाते, मग श्वास. म्हणून 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची 10 मिलि मात्रा उशाशी तयार हवी.

खरी कसोटी बाळंतपण कधी करायचे, या निर्णयाची. लवकर केले तर फुप्फुसे कच्ची, थांबले तर आईचा रक्तदाब जीवघेणा. अपुऱ्या दिवसांत बाळंतपण करायचे असेल तर त्याआधी, बाळाची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून, बीटामेथासोनचे 12 मिग्रॅचे दोन डोस 24 तासांच्या अंतराने बसवायचे असतात.

भारतातल्या प्रशिक्षणात कायदाही येतो. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने 1988 मध्ये स्वतःचा कायदा केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी या कायद्याखालचा नोंदीचा फॉर्म एफ भरावा लागतो. गर्भपाताच्या कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनुसार 24 आठवड्यांनंतर गंभीर व्यंग आढळल्यास गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो, आणि व्यंग किती गंभीर हे त्या जोडप्याला साध्या मराठीत समजावण्याचे काम याच विशेषज्ञावर येते.