मशीन चालवणारा आणि मशीन राखणारा

मशीन ऑपरेटरच्या भरतीत हल्ली एक अट बरेचदा दिसते: ‘मेंटेनन्सची प्राथमिक माहिती हवी’. नव्या उमेदवाराला वाटतं, दोघांचं काम एकाच्या गळ्यात घालताहेत. काही ठिकाणी तसं होतंही, आणि ते चूकच आहे. पण ही दोन कामं मुळात एकाच माणसाची होती.

हेन्री मॉडस्ली या इंग्रज यंत्रकाराने १८०० च्या सुमारास आटे पाडणारा लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणारं मशीन बनवलं. त्या काळचा कसबी कारागीर लेथ चालवायचा, हत्याराला धारही स्वतःच लावायचा आणि काही अडलं तर खोलून बसायचा. ही कामं तोडली फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याने, जो स्वतः मशीनवर काम करून वर आला होता. १९०३ मध्ये त्याने एका मुकादमाच्या जागी आठ मुकादम सुचवले. त्यातला एक केवळ मशीनच्या देखभालीवर नजर ठेवणारा. धार लावणं टूलरूमकडे गेलं. १९१३ मध्ये फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन आली आणि चॅसिस (गाडीचा सांगाडा) जोडायला लागणारे साडेबारा तास पुढच्या वर्षी दीड तासावर आले. फायदा मोठा होता, नाकारून चालणार नाही. पण ऑपरेटरच्या हातातला पाना सुटला तो सुटलाच.

त्याची किंमत मशीनने मोजली. बेअरिंग, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला आधार देणारा भाग, एका दिवसात जात नाही. आधी ते तापतं, मग आवाज बदलतो. तो बदल सगळ्यात आधी कळतो शेजारी आठ तास उभ्या असलेल्या माणसाला. फिटर येतो मशीन बंद पडल्यावर.

अमेरिकेतून आलेली प्रतिबंधात्मक देखभाल, म्हणजे बिघाड होण्याआधीच केलेली देखभाल, जपानने १९५० च्या दशकात उचलली. पुढे निप्पोनडेन्सो या सुट्या भागांच्या कंपनीने ती ऑपरेटरपर्यंत नेली. १९७१ च्या सुमारास तिला टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) हे नाव मिळालं आणि सेइची नाकाजिमा यांनी ती जगभर पोचवली. यातली ऑपरेटरची पहिली पायरी म्हणजे साफसफाई. वरवर हलकं वाटणारं हे काम म्हणजेच तपासणी. फडका फिरवताना तेलाची गळती हाताला लागते, तडा दिसतो. नट आवळून झाला की नटावरून बॉडीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढतात. उद्या रेघ जुळली नाही, तर नट सैल झालाय. पाना न लावताही कळतं.

आजच्या ऑपरेटरकडून साधारण हेच अपेक्षित असतं: ऑइल लेव्हल, ग्रीसिंग, बेल्टचा ताण, फिल्टर, सेन्सरवरची धूळ, पॅनलवरचा अलार्म वाचून फिटरला नेमकं सांगणं. इलेक्ट्रिकल पॅनल उघडणं त्याचं काम नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये नियम झाला, की दुरुस्तीआधी मशीनची ऊर्जा तोडून तिथे कुलूप लावायचं. ज्याचे हात मशीनमध्ये, त्याचं कुलूप आणि किल्ली त्याच्याच खिशात.