जर्सीसाठी येतात, पण परत येत नाहीत : ऑस्ट्रेलियातली मूलनिवासी तरुणाई आणि मधुमेह-प्रतिबंध

ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींमध्ये टाइप २ मधुमेह आता शाळकरी मुलांतही आढळतो. तो रोखण्याचे कार्यक्रम मात्र बराच काळ मोठ्या माणसांसाठीच आखले जात होते.

आजाराचं मूळ जुनं आहे. ख्रिस्ती मिशनच्या वसाहतींत आणि गुरांच्या मळ्यांवर शिधा मिळायचा तो मैदा, साखर, चहा आणि तंबाखू असा. पूर्वीच्या अन्नाने काय फरक पडतो, हे संशोधक केरिन ओडी यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्ली भागातले १० मूलनिवासी मधुमेही सात आठवडे रानात राहिले, शिकार करून आणि कंद खणून जेवले. वजन सरासरी ८ किलोंनी घटलं आणि उपाशीपोटीची साखर साधारण २०९ वरून ११९ मिलिग्रॅमवर आली. निष्कर्ष भक्कम होता, पण त्यातून शाळेत जाणाऱ्या पोराने रोज काय करायचं ते कळत नव्हतं.

दवाखाने मूलनिवासी समाजाच्या हाती येण्याची सुरुवात १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्नमधून झाली. १९८९ च्या राष्ट्रीय मूलनिवासी आरोग्य धोरणाने आरोग्य म्हणजे साऱ्या समाजाचं सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक स्वास्थ्य, असं मांडलं. तरुणांच्या बोलण्यातही नेमकं हेच येतं: एकट्याला बसवून आहाराचा तक्ता देऊ नका, घरच्यांना बोलवा, आजी-आजोबांसोबत रानात न्या, फुटबॉलला जोडा. ‘गोड पेयं सोडा, पाणी प्या’ हा सल्ला नळाला मचूळ पाणी येणाऱ्या वस्तीत हास्यास्पदच ठरतो. शिवाय लहान वस्तीत दवाखान्याच्या टेबलापलीकडे मावशी किंवा चुलतभाऊ बसलेला असतो. तिथे सिगारेटबद्दल खरं कोण सांगेल?

मेडिकेअर म्हणजे सरकारी आरोग्य विमा. त्यातली मूलनिवासींसाठीची ‘७१५’ क्रमांकाची मोफत तपासणी २०१० पासून सर्व वयांना लागू आहे. त्यात रक्तदाब, कंबरेचा घेर, लघवीतली प्रथिनं, रक्तातली साखर असं वयानुसार पाहतात. क्वीन्सलँडमधल्या ‘डेडली चॉइसेस’ या मूलनिवासी आरोग्य मोहिमेने तपासणी केली की जर्सी द्यायला सुरुवात केली. पोरं कपड्यांसाठी येतात म्हणून नाकं मुरडली गेली. आमच्या मते तो आक्षेप फोल आहे. दारात यायला निमित्त लागतंच.

२०२० पासूनच्या शिफारशींनुसार मूत्रपिंड, हृदय आणि मधुमेहाची तपासणी उशिरात उशिरा १८ व्या वर्षापासून दरवर्षी व्हावी. जोखीम दिसत असेल तर मधुमेहासाठी १० व्या वर्षापासून किंवा वयात येताना. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा जास्त आलं आणि लक्षणं नसतील, तर चाचणी पुन्हा करावी लागते. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवूही शकतो.

गाडं अडतं ते इथे. ७१५ नंतर परिचारिकेच्या किंवा मूलनिवासी आरोग्य कार्यकर्त्याच्या वर्षाला १० भेटी मेडिकेअरमधून मिळू शकतात. पण अहवाल येईपर्यंत मुलगा दूरच्या वसतिगृहात किंवा दुसऱ्या वस्तीत नातेवाइकांकडे गेलेला असतो, फोनचा नंबर बदललेला असतो आणि तिथल्या दवाखान्याच्या संगणकावर त्याची नोंदच उघडत नाही.